शिशाची पलटण

छंद आणि व्यसन यांमधील सीमारेषा कोठें आहे हें ठरविण्याचा अधिकार छंद करणाऱ्यास नसतो. तो घरांतील इतर मंडळींचा असतो, आणि ती मंडळी बहुधा खर्चाची वही पाहून निकाल देते. आमच्या मुलुंडच्या घरांत हा निकाल गेलीं पंधरा वर्षें राखून ठेवण्यांत आला आहे. आम्ही जुने शिशाचे शिपाई लिलावांत विकत घेतों. शिपाई म्हणजे दोन इंचांहून किंचित् उंच, मुलांनीं खेळावयाचे. साठी उलटलेल्या, गुडघ्याचें दुखणें सांभाळीत जिना चढणाऱ्या गृहस्थानें खेळणीं विकत घ्यावीं, तींहि दुसऱ्यांच्या मुलांनीं खेळून टाकलेलीं, आणि तींहि चारचौघांत बोली बोलून, याचें आमच्या वहिनींस प्रथम नवल वाटलें, मग राग आला, आणि आतां त्यांस त्याची सवय झाली आहे.

घरांत जें मान्य होऊन चुकलें त्याची कैफियत बाहेर देण्याचें वस्तुतः कारण नव्हतें. परंतु मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या भागांतील जुने बंगले आणि जुन्या चाळी एकामागून एक पाडल्या जात आहेत. त्यांचे माळे रिकामे होत आहेत. आणि माळ्यावरच्या पेटींत काय होतें हें न पाहतांच ती भंगारवाल्याच्या कांट्यावर चढत आहे. अशा वेळीं आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी वाचकांपुढें ठेवल्या तर त्या कोणाच्या तरी उपयोगीं पडतील असें वाटतें.

प्रथम या शिपायांचें कुळ सांगितलें पाहिजे. धातूचे खेळण्यांतले शिपाई युरोपांत अठराव्या शतकापासून होत आले. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं ते कथलाचे, पत्र्यासारखे चपटे ओतीत. पुढें चोहों बाजूंनीं घडविलेले भरीव शिपाई निघाले, पण ते जड आणि महाग असत. १८९३ सालीं लंडनमधील विल्यम ब्रिटन नांवाच्या खेळण्यांच्या कारखानदारानें एक युक्ति काढली. वितळलेलें शिसें सांच्यांत ओतावयाचें, सांच्याच्या थंड अंगास लागलेला पातळ थर आळला न आळला तोंच सांचा उलटा करून आंतलें पातळ शिसें परत काढून घ्यावयाचें. म्हणजे बाहेरून पुरा आणि आंतून पोकळ असा शिपाई हातीं येतो. धातु कमी लागली म्हणून तो स्वस्त झाला, हलका झाला, आणि जर्मन मालाची विलायतेंतील सद्दी त्यानें थोडक्याच वर्षांत मोडली. त्याची उंची चोपन्न मिलिमीटर ठरविली, ती त्या काळच्या खेळण्यांतील आगगाडीस शोभावी म्हणून. रंग मात्र एकेका शिपायास हातानें देत, आणि तें काम बहुतेक बायका करीत. सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ नांवाचें पुस्तक लिहून या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले, आणि खऱ्या युद्धापेक्षां हें युद्ध किती तरी बरें असें जगास सांगितलें. जगानें पुढच्याच वर्षीं खरें युद्ध सुरू केलें. शिशाचे शिपाई करणें ब्रिटन कंपनीनें १९६६ सालीं बंद केलें, कारण शिसें मुलांच्या पोटांत गेलें तर तें विष आहे हें तोंवर सर्वमान्य झालें होतें. त्यांची जागा प्लास्टिकनें घेतली.

आतां या विलायती खेळण्याचा आणि आमच्यासारख्या मराठी घराचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो आहे, आणि जवळचा आहे. ब्रिटननें साम्राज्यांतील पुष्कळ पलटणी शिशांत उतरविल्या. त्यांत बंगालचे भालाईत होते, मद्रासचे होते, तसे ‘बाँबे लान्सर्स’ आणि ‘बाँबे नेटिव्ह इन्फंट्री’ या नांवांचे आपल्या मुंबई इलाख्याचेहि होते. मुंबई इलाख्याची निराळी फौज १८९५ सालीं इतर दोन इलाख्यांच्या फौजांत मिळून गेली. पण ती होती तोंवर तिच्यांत कोंकणांतील, विशेषतः रत्नागिरीकडील माणसें पिढ्यान् पिढ्या भरती होत असत. म्हणजे लंडनच्या एखाद्या बाईनें गव्हाळ रंगांत कुंचला बुडवून ज्याचा चेहरा रंगविला, तो चेहरा आमच्याच मुलखांतल्या कोणाचा तरी होता. इंग्रज मुलानें तो नाताळांत जमिनीवर मांडला आणि संध्याकाळीं पेटींत भरला. मागून साहेबाची बदली झाली, किंवा पेन्शन झालें, आणि विलायतेस परत जातांना त्यानें खुर्च्या, कपाटें, घड्याळें लिलावांत काढलीं, त्यांबरोबर मुलांचीं खेळणींहि गेलीं. इकडच्या सधन घरांत यांतले कित्येक शिपाई याच वाटेनें शिरले.

‘लिलाव’ हा शब्दहि असाच परका. तो आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि ज्या साष्टी बेटांत आमचीं हीं उपनगरें वसलीं आहेत तेथें १७३७ पर्यंत त्यांचाच अंमल होता. शब्द राहिला, राज्य गेलें. जगाच्या मालमत्तेचा इतिहास पुष्कळसा असाच आहे, आणि लिलावाच्या दिवाणखान्यांत तो डोळ्यांपुढें घडतांना दिसतो. अमेरिकेंतील प्रकाशक माल्कम फोर्ब्स यांनीं मोरोक्कोमधील टँजियर शहरीं आपल्या वाड्यांत शिशाच्या शिपायांचें हजारों नगांचें संग्रहालय मांडलें होतें. १९९० सालीं ते वारले, आणि पुढें तो संग्रह लिलावांतून चहूंकडे पांगला. लिलाव हा जमविणाऱ्याचा मित्र आणि जमविलेल्याचा वैरी आहे हें या धंद्यांत पडणारानें पहिल्याच दिवशीं ध्यानांत घ्यावें.

लिलावांत घ्यावें कसें, हेंहि येथेंच सांगून टाकतों. हल्लीं विकावयाच्या वस्तूंची यादी छायाचित्रांसह आधीं प्रसिद्ध होते, आणि बोली घरीं बसून भ्रमणध्वनीवरहि देतां येते. आमचा आग्रह असा कीं, वस्तु पाहण्यासाठीं नेमलेला जो दिवस असतो त्या दिवशीं स्वतः जावें, आणि जातांना एक भिंग व एक पांढरा कागद न्यावा. शिपायाचा हात खांद्याशीं फिरता असतो. तो मूळचा आहे कीं दुसऱ्या शिपायाचा बसविला आहे हें पाहावें. मान तुटली असल्यास ती बहुधा आंत आगकाडी घालून जोडलेली असते. तें भिंगांतून दिसतें. मागून कोणी नवा रंग दिला असला तर तो जाड व चकचकीत असतो, आणि अशा शिपायाची किंमत फार उतरते, कारण या बाजारांत फिकट झालेला जुना रंग नव्या तेजापेक्षां मोलाचा मानतात. शेवटीं शिपाई पांढऱ्या कागदावर अलगद ठेवावा. कागदावर राखट भुकटी पडली तर तो शिपाई घेऊं नये. शिशास हा क्षय लागतो तो दमट हवेनें आणि लांकूड, प्लायवुड, पुठ्ठा यांतून सुटणाऱ्या आंबट वाफेनें. मुंबईच्या पावसाळ्यांत बंद लांकडी कपाटांत ठेवलेली पलटण शत्रूवांचून गारद होते. ती भुकटी विषारी असते, म्हणून शिपाई हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावे आणि लहान मुलांच्या हातीं ते मुळींच देऊं नयेत. आमचे शिपाई कांचेच्या फळीवर, पोलादी कपाटांत राहतात.

पैशांविषयीं एकच नियम. लिलावास जाण्यापूर्वीं आपली मर्यादा कागदावर लिहावी, आणि लिहितांना हातोड्याच्या किंमतीवर लिलावघराची दलाली व सरकारी कर चढतो हें विसरूं नये. आम्ही असा कागद लिहून घडी घालून आमच्या सौभाग्यवतींच्या हातीं देतों, आणि त्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. सभागृहांत अंगावर चढणारा ज्वर उतरविण्यास याहून गुणकारी औषध आम्हांस ठाऊक नाहीं. भर दुपारीं चोरबाजारांतील मटन स्ट्रीटवर घासाघीस करणें निराळें. तेथें भाव उतरत जातो. लिलावांत तो चढत जातो, आणि चढत्या भावाबरोबर माणसाचा अभिमानहि चढतो.

या छंदांत आम्हांस जें शिकावयास मिळालें तें बहुतेक गेल्या वर्षींच्या एकाच लिलावांत मिळालें. घाटकोपरच्या एका जुन्या घराचें सामान त्यांत निघालें होतें. घर पाडून त्या जागीं मोठी इमारत होणार होती. मालक चार भाऊ. एक पुण्यास, एक ठाण्यास, एक परदेशीं, आणि तिसरे बंधु शेवटपर्यंत त्याच घरांत राहिलेले. वस्तूंची वाटणी करावयास गेलें कीं भांडणें होतात, पैशांची करतां येते. म्हणून चौघांनीं सर्व सामान लिलावांत देऊन रक्कम सारखी वांटून घेण्याचें ठरविलें होतें. ज्यांनीं एकत्र कुटुंबाच्या वाटण्या पाहिल्या आहेत त्यांस यांतील शहाणपण सांगावयास नको. यादींत मध्येंच एक नग होता: तांबडी पुठ्ठ्याची पेटी, झांकणाचा एक कोपरा फाटलेला, आणि आंत मूळच्या दोऱ्यांनीं बांधलेले ‘बाँबे नेटिव्ह इन्फंट्री’चे आठ शिपाई. एकाची मान आगकाडीनें जोडलेली होती. बाकीचे सात निर्दोष. आमच्या कागदावर पंधरा हजार लिहिलेले होते. बोली पांच हजारांपासून निघाली, नवापर्यंत तिघे-चौघे होते, पुढें आम्ही आणि अंधेरीचे एक व्यापारी एवढेच उरलों, आणि तेरा हजारांवर हातोडा पडला. सौभाग्यवतींनीं घडीचा कागद पर्समध्यें ठेवला. आम्हांस वाटलें, आज आपल्यासारखे भाग्यवान आपणच.

पैसे भरून पेटी घेत असतां एक पंचाहत्तरीचे गृहस्थ जवळ आले. ते त्या चौघांपैकीं तिसरे बंधु होते. त्यांनीं नमस्कार केला आणि म्हणाले, “आपली हरकत नसेल तर एकदां पेटी उघडून पाहूं का? मान जोडलेला जो आहे ना, तो माझ्या हातून पडला होता. मीं चार दिवस कोणास सांगितलें नव्हतें. आजोबांनीं रात्रीं बसून जोडला.” आम्हीं पेटी उघडली. त्यांनीं शिपाई काढला नाहीं. वरूनच पाहिला, चष्मा पुसला, “बरा आहे” असें म्हणाले, आणि झांकण स्वतःच्या हातानें लावलें. त्यांनीं तो मागितला नाहीं हें मुद्दाम नमूद करतों. भावांमध्यें झालेला ठराव पाळणारे ते गृहस्थ होते. स्वतः बोली दिली असती तर दिलेल्या पैशांचा चौथा हिस्सा त्यांच्याकडेच परत आला असता. हें गणित त्यांस येत नसेल असें नव्हे, पण घरचें सामान आपणच बोली देऊन परत नेणें त्यांस प्रशस्त वाटलें नसावें.

ही हकीकत रात्रीं जेवतांना निघाली. आमच्या मनांत तो एक शिपाई त्यांस पोंचता करावा असें येत होतें, परंतु बोलण्याचें धैर्य होत नव्हतें, कारण जमविणाऱ्यांच्या शास्त्रांत पुरा संच फोडणें हें मोठें पाप. आमच्या पुतण्यास हें शास्त्र पाठ आहे. तो म्हणाला, “काका, आठांचा संच पेटीसकट आहे म्हणून तर त्याला हा भाव आला. एक काढलात कीं उरलेल्या सातांना पुढच्या लिलावांत कोण विचारणार?” त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. तितक्यांत आमच्या मातोश्री, ज्यांचें वय नव्वदीच्या घरांत आहे आणि ज्यांचें लक्ष नाहीं असें आम्ही सर्व धरून चालतों, ताटावरून मान वर न करतां म्हणाल्या, “अरे, पण तुला विकायचा आहे का तो?”

या प्रश्नास कोणाकडेच उत्तर नव्हतें. जें विकावयाचेंच नाहीं त्याची किंमत उतरण्याची भीति कसली? पंधरा वर्षें आम्ही जें जमविलें तें विकण्यासाठीं नव्हे असें आम्ही सर्वांस सांगत आलों, आणि हिशेब मात्र विकणाऱ्याच्या वहींत करीत आलों. किंमत ही दोन माणसांच्या चढाओढींत हातोडा पडेपर्यंत ठरते. मोल हें कोणी एकानें कधीं काळीं ठेवलेलें असतें. त्या पेटींतील ज्या शिपायास बाजारानें सर्वांत कमी लेखलें असतें तोच त्या गृहस्थांस सात निर्दोष शिपायांहून मोठा होता, आणि तो मोठा झाला होता तो मोडल्यामुळें. पुढच्या रविवारीं आम्ही ठाण्यास, जेथें ते आतां धाकट्या बंधूंच्या शेजारीं राहतात, जाऊन तो त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं नको म्हटलें, मग घेतला, आणि आम्हांस जेवल्यावांचून सोडलें नाहीं. आमच्या पेटींत आतां सात आहेत. आठव्या जागीं दोऱ्याचीं दोन भोकें आहेत, आणि पाहावयास येणारे जाणकार त्या भोकांविषयीं हळहळतात.

उरलेल्या सातांनींहि आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. दिवाळीपूर्वीं आमच्या इमारतीच्या आवारांत मुलांनीं नेहमींप्रमाणें किल्ला केला. दगड, विटा, पोतें, त्यावर चिखल, उतारावर हळीव पेरलेले, गुहेंत वाघ, आणि माथ्यावर सिंहासनावर महाराज. पुतण्याची आठ वर्षांची मुलगी धांवत आली आणि म्हणाली, “आबा, तुमचे सात शिपाई द्या ना, बुरुजावर पहारा नाहीं.” आम्हीं शिशाचें कारण सांगून नाहीं म्हटलें. तें तिला पटलें, पण तिनें कपाटाच्या कांचेस नाक लावून विचारलें, “हे आपल्या बाजूचे कीं त्यांच्या?”

आठ वर्षांच्या मुलीस खोटें सांगूं नये आणि सारें खरेंहि एकदम सांगूं नये, अशा पेंचांत आम्ही पडलों. १८१८ च्या मे महिन्यांत रायगड इंग्रजांच्या हातीं पडला. त्यांची मुंबईची फौज या शिपायांचीच. म्हणजे हे त्या बाजूचे. परंतु ते पगारास होते, त्यांचीं घरें याच मुलखांत होतीं, आणि त्यांच्या घरीं बोलत तीच भाषा आम्ही बोलतों. आम्हीं हें जमेल तसें सांगितलें. मातोश्री जपमाळ थांबवून म्हणाल्या, “कोणाच्या का बाजूचे असेनात बाळे, घरीं कोणी तरी वाट पाहत असेलच.” मुलीनें क्षणभर विचार केला आणि ती खालीं गेली. संध्याकाळीं आम्ही किल्ला पाहावयास उतरलों तेव्हां विकत आणलेले मावळे तटावर होते, आणि पायथ्याच्या वाडींत, विहिरीजवळ, तिनें स्वतः मातीचा केलेला एक वेडावांकडा शिपाई उभा होता. डोक्यावर पागोटें होतें, हातांत बंदूक नव्हती. हा कोण म्हणून विचारलें तर म्हणाली, “तो सुट्टीवर घरीं आला आहे.” मुंबई फौजेच्या शिपायाविषयीं याहून समंजस विधान आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

तो मातीचा शिपाई दिवाळीनंतरच्या एका अवकाळी सरींत विरघळला, आणि त्याबरोबर कुंभाराकडचे मावळेहि. शंभर वर्षांपूर्वीचा मातीचा मावळा आम्हांस कोणत्याहि लिलावांत आजवर दिसलेला नाहीं. त्यास कोणी जपून ठेवीत नाहीं, म्हणून दरवर्षीं कोणी तरी तो नव्यानें करतो, आणि म्हणूनच तो टिकला आहे. शिशाच्या शिपायाची गोष्ट उलट. त्याचा कारखाना गेला, सांचे गेले, ज्या राज्यासाठीं तो ओतला तें राज्य गेलें. आतां त्यास नवा भाऊ होणें नाहीं, आणि जो आहे तो कोणी राखील तरच राहणार आहे. एकाच मुलखाच्या दोन शिपायांपैकीं एकास दरवर्षीं करणारे हात लागतात आणि दुसऱ्यास जपणारे. एका घरांत दोन्ही हात असावे एवढीच आमची इच्छा, आणि दोन्ही असावयास घरांत तीन-चार पिढ्या असल्या तर बरें पडतें.

असो. ज्या वाचकांचीं जुनीं घरें लौकरच रिकामीं व्हावयाचीं असतील त्यांस एक विनंति करून हा लेख संपवितों. माळ्यावरची प्रत्येक पेटी घरांतील सर्वांत वृद्ध माणसासमोर उघडावी, आणि तें माणूस काय म्हणतें तें ऐकून घेतल्यावर मग ठेवावयाची कीं विकावयाची याचा विचार करावा. विकावयाचीच ठरली तर यादी नीट करून लिलावांत द्यावी. ज्या ऐतिहासिक वस्तूंस शंभर वर्षें होऊन गेलीं त्या परवान्यावांचून परदेशीं पाठवितां येत नाहींत, असा १९७२ चा कायदा आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें. आणि पेटींत शिशाचीं चित्रें निघालींच, तर भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं तीं उलटीं करून पायाखालचीं अक्षरें वाचावीं. त्याच्या कांट्यावर शिपायाचें आणि नळाच्या तुकड्याचें वजन सारखेंच भरतें, आणि दोन्ही एकाच कढईंत वितळतात.